४१ ब्लॉक उसवू नका, आधी रेघ बघा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिअर जेन, म्हणजे एका जुन्या अमेरिकन गोधडीवरून घेतलेली छोट्या ब्लॉकांची रचना, हातानं शिवायला घेतलंय, पाच महिन्यांत ४१ ब्लॉक (तुकडे जोडून केलेले साडेचार इंची चौकोन) झाले, आणि परवा हौसेनं सतरंजीवर मांडले तर एकाचं माप दुसऱ्याला लागेना. बरेचसे दोन सूत कमी, एखादा सूतभर जास्त (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सगळं उसवायचं का, उरलेलं मशीनवर घ्यायचं का, आणि बायका हे वर्षानुवर्षं कसं रेटतात, असे तुमचे तीन प्रश्न. कोपऱ्यात नाव घालायचं का, हा जाता जाता विचारलेला चौथा. त्याचंही सांगते, पण मागाहून.

उसवू नका. निदान या आठवड्यात तरी नको. आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

तुम्ही लिहिलंय, ‘रोटरी कटरनं अगदी अचूक कापते आणि कडेला कड लावून पाव इंचावर धावदोरा घालते.’ दुखणं इथंच आहे. ही मशीनची रीत झाली. मशीनवर पाव इंच सांभाळायला पाय असतो, पट्टी असते, कड तिला घासून सरकत जाते. आपल्या हाताला असं काही टेकायला नाही. नजरेनं पाव इंच धरलेला धावदोरा सुरुवातीला नीट जातो, मधे आत घुसतो, शेवटी बाहेर येतो.

हिशोब करून बघा. एका ब्लॉकमध्ये डावीकडून उजवीकडे चार शिवणी आहेत. प्रत्येक शिवण नुसती पाव सूत आत गेली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून अर्धं सूत गेलं. चार शिवणींत दोन सूत, म्हणजे तुमचा सबंध पाव इंच. आणि पाव सूत म्हणजे किती, तर बोथट पेन्सिलीची रेघ असते तेवढं. म्हणून ज्या ब्लॉकमध्ये तुकडे जास्त, तोच जास्त आखडला असणार. तुमचे नऊ चौकटींचे ब्लॉक काढून मोजा, ते मापाला बऱ्यापैकी जवळ असतील.

मी नोकरीत २६ वर्षं ट्रेसर होते, नकाशे गिरवत. तरी माझ्याही पहिल्या साठेक ब्लॉकना हाच रोग होता, त्यामुळे यात हुशारी-बिशारीचा प्रश्न नाही. हातशिवणीत कापाच्या कडेला फक्त माया असते, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. खरं माप शिवणीच्या रेघेत असतं. साचा माया न धरता कापायचा, कापडाच्या उलट्या बाजूला ठेवून त्याच्या कडेनं रेघ मारायची, आणि मग त्या रेघेबाहेर अंदाजानं पाव इंच सोडून कापायचं. माया कुठं दोन सूत, कुठं तीन सूत झाली तरी चालते. सुई रेघेवरून गेली म्हणजे झालं.

साच्यासाठी मी जुन्या एक्स-रे फिल्म वापरते. गरम पाण्यात भिजवून घासल्या की स्वच्छ होतात, आरपार दिसतं, त्यामुळे छापाचं फूल नेमकं मधे धरता येतं. एकदाच लागणारा तुकडा असेल तर जाड लग्नपत्रिका पुरते. पेन्सिल पॉइंट फाइव्हची घ्या आणि उभी धरा, तिरकी धरली की रेघ साच्यापासून लांब पडते. गडद कापडावर शिंपी वापरतात तशी साबणाची झिजलेली वडी छान उठते. इस्त्रीनं पुसली जाणारी पेनं मात्र या कामाला नकोत. कडाक्याच्या थंडीत ती रेघ परत उमटते, आणि गडद कापडावर फिकट चरा राहतो. माझी भाची टोरांटोला असते. तिला दिलेल्या दुपट्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझी सगळी आखणी पुन्हा हजर झाली होती.

आणि हो, नमुने घरी छापत असाल तर प्रिंटर ‘पानात बसवतो’ म्हणून परस्पर लहान करत नाही ना, हे बघून घ्या. शंभर टक्क्यांवर छापायचं आणि साडेचार इंचाचा चौकोन खरंच साडेचार आहे का, हे स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. माझी दोन ब्लॉकांची रड निव्वळ यातून होती.

आता प्रत्यक्ष शिवण. दोन तुकडे सुलटाला सुलट. पहिली टाचणी वरच्या तुकड्याच्या कोपऱ्यात, जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या बिंदूत उभी खुपसायची आणि खालच्या तुकड्याच्याही नेमक्या त्याच बिंदूतून बाहेर काढायची. दुसऱ्या टोकाला तसंच. मग मधे एखादी. दोरा हातभरच, दीड फुटाच्या वर नको, लांब दोरा गुंतूनही बसतो आणि झिजतोही. सुरुवातीला बारीक गाठ आणि एक उलटी टीप. मग धावदोरा, इंचाला आठ ते दहा टाके, दर तीन-चार टाक्यांनी काम उलटं करून मागची रेघ बघायची. सुई मागच्या रेघेवरून उतरली असेल तर तिथल्या तिथे मागे घ्यायचं. शेवटच्या बिंदूवर थांबायचं, कापडाच्या कडेपर्यंत जायचं नाही. हे फार जणींचं चुकतं.

बिंदूवर थांबायचं कारण चार तुकडे एकत्र येतात तिथं कळतं. फिरकीचा ब्लॉक घ्या. दोन अर्धी झाली, आता मधली लांब शिवण. मध्यबिंदूपाशी पोचलात की उभ्या राहिलेल्या मायेवरून सरळ शिवून जाऊ नका. बिंदूच्या अलीकडे एक उलटी टीप घाला, सुई मायेच्या बुडातून पलीकडे काढा, पलीकडे पुन्हा एक उलटी टीप, मग पुढे. माया मोकळीच राहते. नंतर उलट्या बाजूनं अंगठ्यानं मध्यावर दाबलंत तर चारही माया भोवऱ्यासारख्या एकामागे एक फिरून बसतात, आणि सुलट बाजूला मधे गाठोडं होत नाही. पहिल्यांदा ते तसं बसलं तेव्हा मी तो ब्लॉक घरातल्या प्रत्येकाला उलटा करून दाखवला होता. कुणाला काही कळलं नाही.

इस्त्री ब्लॉक पूर्ण झाल्यावरच करा, तोवर नख फिरवलं तरी पुरे. इस्त्री टेकवायची आणि उचलायची. साडीवर ओढतो तशी ओढली तर उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, कड ताणते आणि चौकोनाचा पतंग होतो. तुमचे ते सूतभर मोठे ब्लॉक बहुधा यानंच मोठे झालेत, त्यात तिरक्या कडा बाहेरच्या बाजूला आल्यात का बघा. साचा ठेवतानाच ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला कापडाचा सरळ धागा येईल असं पाहायचं.

मग या ४१ ब्लॉकांचं काय? आपण बहुतेकजणी ब्लॉकांच्या मधे अर्ध्या इंचाची पट्टी घालतो, ती इथं उपयोगी पडते. प्रत्येक ब्लॉकच्या उलट्या बाजूला साडेचार इंचाचा चौकोन आखा, ब्लॉकच्या मध्यावरून मोजून. अर्ध्या सुताचा फरक असेल तर विसरा, पट्टीला जोडताना टाचण्या जवळ लावून तो जिरवता येतो. सूतभर कमी असेल तर बाहेरची माया थोडी कमी घ्या. दोन सूत कमी असलेल्यांत मात्र सगळ्यांत लांब अशा एक-दोनच शिवणी उसवून त्या रेघ आखून पुन्हा घाला, अख्खा ब्लॉक सोडवायची गरज नाही. मोठा झालेला ब्लॉक कात्रीनं छाटू नका, त्रिकोणांची टोकं जातील. तोही आतली लांब शिवण जरा आत घेऊन बसवायचा. एवढं करून पाच-सहा उरतील ते नव्यानं करा. आणि फरक वेळीच लक्षात आला याला नशीब म्हणा. एका आडव्या ओळीत १३ ब्लॉक. प्रत्येकात अर्धं सूत धरलं तरी ओळ पाऊण इंचाहून जास्त चुकते, आणि शेजारची ओळ उलट्या बाजूला चुकली असेल तर मग फक्त झोळ. म्हणून सगळे ब्लॉक संपायची वाट बघू नका. दहा-बारा झाले की मोजा, शेजारशेजारचे नऊ तयार झाले की जोडून टाका.

मशीनचं म्हणाल तर मी सोवळं पाळणारी नाही. लांब पट्ट्या आणि पाठ मी मशीनवरच जोडलीय. पण साडेचार इंचात पंचवीस तुकडे असतील तर मशीनवर कागदाच्या पायावर शिवावं लागतं, ती वेगळीच विद्या आहे, आणि तीही शिकायलाच लागते. गोल, पाकळ्या, लंबगोल तर हातानंच सोपे. पुठ्ठ्याची चकती कापायची, कापडाच्या कडेनं धावदोरा घालून तिच्यावर आवळायचं, इस्त्री, मग चकती काढून घ्यायची आणि वरून बारीक टाक्यांनी बसवायचं. करंजीची कड दुमडता येते त्या हाताला हे येतं.

कापडाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण माझं सगळ्यांत मोठं नुकसान तिथं झालं. आपल्याकडे ओटीत, हळदीकुंकवाला आलेल्या ब्लाउजपीसांची थप्पी प्रत्येक कपाटात असते, मीही तिथूनच सुरुवात केली. त्यातले निम्मे सुती नसतात. एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं उडते, पॉलिएस्टर असेल तर कडक मणी होतो. मणी झाला की तो पीस पुढच्या ओटीला द्या. सुती कापड शिवण्याआधी धुवाच, आटतं ते तेव्हाच आटू दे. आणि लाल, निळं, काळं असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून इस्त्री फिरवा. एका दुकानातून मी सुरेख लाल ठशांचं कापड घेतलं होतं, ‘रंग पक्का, बाई’ असं छातीठोक ऐकून. नऊ ब्लॉकांत वापरलं. त्यातल्या एकावर चहा सांडला म्हणून तो धुतला, तर मांजरपाट गुलाबी! नऊच्या नऊ पुन्हा केले.

आता वर्षानुवर्षं कसं रेटायचं ते. ज्या बाईचं हे काम आहे तिच्याकडे बघा. जेन स्टिकल, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली, शाफ्ट्सबरी गावची. १८६३ सालचं काम, तिकडे यादवी युद्ध चालू असतानाचं. १३ गुणिले १३ असे १६९ चौकोनी ब्लॉक, भोवती ५२ त्रिकोण, चार कोपरे. सगळे मिळून ५,६०२ तुकडे, हा आकडा तिनंच टाक्यांनी लिहून ठेवलाय. मूळ गोधडी बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कापड इतकं नाजूक झालंय की उजेड सोसत नाही, म्हणून वर्षातून शरदातले थोडेच आठवडे बाहेर काढतात. मी गोधडीच म्हणते. माझ्या सासूबाई जुन्या लुगड्यांचे थर घालून कडेकडेनं धावदोरा घालत मधे यायच्या, महिन्याभरात एक गोधडी हातावेगळी. माझं हे काम बघून त्या म्हणाल्या होत्या, ‘चांगलं कापड इतकं बारीक कापायचं आणि परत तेच जोडायचं?’ याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तुमचा वेग महिन्याला आठ ब्लॉक आहे. २२५ मधले १८४ उरले, म्हणजे आणखी बावीस-तेवीस महिने. हे आकडे फ्रिजवर लावू नका. मी २०१८ च्या दिवाळीनंतर सुरू केलं आणि २०२२ च्या पावसाळ्यात संपवलं. गंमत म्हणजे २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, हातात वेळच वेळ असताना, मी चार महिने सुई धरली नाही. शंभराच्या आसपास ब्लॉक झाले होते, नवेपणा संपला होता आणि शेवट दिसत नव्हता. तो टप्पा तुम्हालाही येईल. तेव्हा काम गादीखाली ठेवून द्या आणि साधा पिशवीचा तुकडा शिवा, परत यायचं तेव्हा याल.

मला उपयोगी पडलेली सवय एकच. आखणं-कापणं आणि शिवणं एका दिवशी करायचं नाही. रविवारी दुपारी, उजेड असताना, तीन-चार ब्लॉक आखून कापायचे आणि प्रत्येकाचे तुकडे वेगळ्या पाकिटात भरायचे. आठवडाभर फक्त शिवायचं. पाकीट पर्समध्ये मावतं, डॉक्टरकडे, बँकेत, सिंहगड एक्स्प्रेसमध्ये काम होतं. ओळीनं क्रम लावू नका, सोपे दहा-बारा बाजूला राखून ठेवा. ताप आला, पाहुणे आले, कुणाशी वाजलं, अशा दिवशी ते काढायचे.

राहिलं नाव. घाला की. जेननं कोपऱ्यात ‘युद्धकाळात १८६३’ असं घातलंय, त्याखाली तुकड्यांची संख्या आणि स्वतःचं नाव. मीही साल आणि नाव घातलं आणि तुकडे मोजायला बसले. दोनदा मोजले, दोन वेगळे आकडे आले. जो मोठा होता तो शिवून टाकला.