हॉस्पिस चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

वडिलांचा कॅन्सर लास्ट स्टेजला आहे, हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या काळात काळजी घेणारी जागा) बघताना काय तपासू असं तुम्ही विचारलंय, तर पहिला प्रश्न हाच विचारा की मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदना थांबवणाऱ्या औषधाच्या, तोंडाने घ्यायच्या गोळ्या तुमच्याकडे कायम असतात का. २०१४ ला एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात बदल झाला, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं बरंच सोपं झालंय, त्यामुळे "परवानगीची कटकट असते हो" असं कोणी म्हणालं तर सरळ दुसरी जागा बघा. मॉर्फिनची साधी गोळी साधारण दर ४ तासांनी घड्याळ लावून देतात, दुखायला लागायची वाट बघायची नसते, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध हवंच कारण मॉर्फिनने हमखास बद्धकोष्ठता होते. नर्सने हे आपणहून सांगितलं ना, की समजायचं माणसं तयारीची आहेत.

मग रात्रीचं विचारा, २ वाजता त्रास झाला तर कोण येणार? शक्यतो संध्याकाळी न कळवता चक्कर मारा. वास येतोय का, झोपून असलेल्यांची कूस बदलतात का (बेडसोर, म्हणजे झोपून झोपून होणाऱ्या जखमा, त्यांचं सगळं त्यावरच असतं), घरच्यांना शेजारी बसू देतात का. रिसेप्शनचा सोफा बघून काही कळत नाही.

आणि महाग म्हणजे चांगलं असं इथे अजिबात नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस, पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, कॅन्सर पेशंटसाठी, तेही फ्री. आधी तिथे फोन करा.