ताशी 22 मिमी पाणी मुरतं, तरी शोषखड्डा का तुंबतो?

तुमचा तक्ता पाहिला आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. डबल रिंग चाचणीत (एकात एक दोन रिंगा जमिनीत ठोकून आतल्या रिंगमधलं पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायचं) तीन तासांत 65 मिमी पाणी मुरलं, म्हणून ताशी 22 मिमी धरून तुम्ही शोषखड्डा काढला, आणि आता तो चार-चार दिवस भरलेलाच असतो. रिंग कशी ठोकायची ते तुम्हाला येतंय, त्यात पडत नाही.

घोळ सरासरीत आहे. तुमच्याच नोंदींत पहिल्या अर्ध्या तासात 42 मिमी, पुढच्या तासात 14 आणि शेवटच्या दीड तासात फक्त 9 मिमी पाणी गेलंय. म्हणजे स्थिरावलेला वेग ताशी 6 मिमी! सुरुवातीला कोरडी माती पाणी ओढते, भेगा भरतात. खड्ड्याला मात्र भर पावसात, आधीच भिजलेल्या मातीत काम करायचं असतं. लागोपाठ तीन-चार नोंदी जवळपास सारख्या आल्याशिवाय चाचणी थांबवू नका. चिकणमातीत पाच-सहा तासही जातात.

आता वैताग. एका कार्यालयाच्या छापील फॉर्मात 'सरासरी वेग' एवढा एकच रकाना, आणि स्थिर वेग लिहिला की अहवाल 'नमुन्याप्रमाणे नाही' म्हणून परत. आकडा कशासाठी वापरणार, हे विचारायचीही तसदी नाही. तेव्हा रकान्यात त्यांना हवं ते भरा, पूर्ण तक्ता जोडा, पण खड्ड्याचं माप स्थिर वेगावरच काढा. मी तर तोही निम्मा धरतो, कारण गाळाने तळ हळूहळू बुजतोच.

चाचणी जमिनीवर घेतली असेल तर तीही पुरेशी नाही. खड्ड्याचा तळ जिथे येणार, त्या खोलीवर घ्या. शिवाय जेसीबीच्या बकेटने ओल्या चिकणमातीचा तळ लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो. तो पंजाने खरवडल्याशिवाय खडी टाकू नका. (खाली कातळ किंवा वर आलेलं भूजल असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि भूजलतज्ज्ञाला दाखवा.)

बाहेरच्या रिंगमधली पाण्याची पातळी आतल्याइतकीच ठेवा. ती खाली गेली की आतलं पाणी आडवं पळतं आणि वेग उगाच फुगतो. पट्टीवर मिमी वाचण्यापेक्षा भर घातलेलं पाणी मोजा: 30 सेंमी व्यासाच्या आतल्या रिंगमध्ये 1 लिटर म्हणजे सुमारे 14 मिमी. ताशी 6 मिमी म्हणजे जेमतेम 425 मिली, त्यामुळे उन्हात रिंगवर झाकण ठेवा, नाहीतर बाष्पीभवनही मुरण्यात मोजलं जाईल.