औषधाची आठवण करून देणारं नोटिफिकेशन उशिरा येतं, काहींना तर येतच नाही. अँड्रॉइड अ‍ॅपच्या कोडमध्ये काय चुकतंय?

उशिराचं कारण डोझ, म्हणजे अँड्रॉइडची बॅटरी वाचवणारी झोप. चार्जिंगला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून नुसता पडून राहिला की अँड्रॉइड ६ पासून सिस्टीम साधे अलार्म अडवून ठेवते. 'व्हाइल आयडल'वाला एक्झॅक्ट अलार्म (फोन झोपेत असला तरी नेमक्या वेळी वाजणारा) लावा, त्याची परवानगी मागा (अँड्रॉइड १४ वर नव्या अ‍ॅपला ती आपोआप मिळत नाही) आणि फोन रीस्टार्ट झाला की सगळे अलार्म पुन्हा लावा, कारण ते पुसले जातात. झालं.

पण 'येतच नाही' म्हणता, तेव्हा आधी सांगा, नोटिफिकेशनचे चॅनल (एकेका प्रकारचा वेगळा कप्पा, वापरणाऱ्याला बंद करता येणारा) किती आहेत? एकच असणार.

मी होतो त्या कंपनीत असंच अ‍ॅप होतं. चॅनल एकच, नाव 'जनरल'. गोळीची आठवण त्यातूनच आणि 'आज खास सवलत'ही त्यातूनच. वेगळे करा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो. प्रॉडक्ट मॅनेजरचं म्हणणं, "वेगळा दिला तर लोक ऑफर्स बंद करतील." अहो, लोकांना बंद करता यावं म्हणूनच तर २०१७ साली ओरिओत (अँड्रॉइड ८) चॅनल आले! लोकांनी सवलतीचं नोटिफिकेशन दाबून धरलं आणि समोर दिसला तो एकुलता एक चॅनल बंद केला. बीपीच्या गोळीची आठवणही त्याच्यासोबत गेली. आमच्या लॉगमध्ये मात्र सगळं आलबेल, कारण चॅनल बंद असला तरी नोटिफिकेशन पाठवणाऱ्या 'नोटिफाय' फंक्शनला एरर येत नाही.

तक्रारी वाढल्यावर फर्मान निघालं, कोडमधून चॅनल चालू करा. होत नाही, तो हक्क वापरणाऱ्याचा. मग शक्कल निघाली, डिलीट करून त्याच आयडीने पुन्हा बनवू. बनवला, तर बंदच. जुनी सेटिंग जशीच्या तशी परत. आयडी बदलून जमतं, पण किती चॅनल डिलीट केलेत तो आकडा अँड्रॉइड सेटिंगमध्ये दाखवतं. मुद्दाम. असल्या लबाड्या उघड्या पडाव्यात म्हणूनच.

तेव्हा 'औषधं' आणि 'ऑफर्स' आजच वेगळे करा. अ‍ॅप उघडल्यावर औषधांच्या चॅनलचं इम्पॉर्टन्स तपासा; 'नन' (म्हणजे चॅनल बंद) असेल तर अ‍ॅपच्या आतच ठळक पट्टी दाखवून थेट त्या चॅनलच्या सेटिंगवर न्या. वरिष्ठ नको म्हणाले तर ते नको मेलवर लेखी घ्या. माझ्याकडे अजून जपून ठेवलेलं आहे.

हो, अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगीही विचारावी लागते, ती नाकारली असेल तर वरचं सगळं फुकट. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपच मारून टाकतात, तिथे सेटिंगमधून सूट मागण्यावाचून इलाज नाही. आणि पुढे आयफोनवर जाणार असाल तर तिथे एका अ‍ॅपची ६४च लोकल (अ‍ॅपने फोनवरच आधी लावून ठेवलेली) नोटिफिकेशन्स रांगेत राहतात. दिवसाला चार गोळ्या असतील आणि रिपीट न वापरता महिन्याभराची एकदम लावलीत, तर सतराव्या दिवसापासून फोन गप्प.