‘ताई, नुसती प्रार्थना करू की पोलिसांना सांगू?’

जून 2020. गोव्यातल्या वास्कोची मांगोर हिल कोरोनामुळे सील झाली होती आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसंही दाराबाहेर पडायला घाबरत होती. त्या दिवसांत तिथल्या एका मराठी मंडळीच्या (चर्चच्या) सेविकेने फोनवर विचारलं, “ताई, एका बहिणीला नवरा मारतो. ती म्हणते, कुणाला सांगू नका, माझा संसार मोडेल. मी तिला शब्द दिलाय. आता नुसती प्रार्थना करू की पोलिसांना सांगू? उद्या खरंच मोडला तर ते पाप माझ्या माथी येईल का?”

हा प्रश्न साथीपुरता नव्हता. तो आजही येतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चढावरची भाड्याची एक खोली. नवरा गोदीजवळच्या वर्कशॉपमध्ये, मार्चपासून पगार बंद. बायको दोन घरी धुणीभांडी करायची, तीही बंद. तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. कळंगुटला हॉटेलच्या किचनमध्ये असलेला धाकटा दीर काम सुटल्यावर एप्रिलपासून इथेच राहायला आलेला. पाच माणसांत एक दार आणि एक फोन. मार आधीही होता, पण पूर्वी नवरा दिवसभर बाहेर असायचा, ती शेजारणीकडे जायची, रविवारी उपासनेला यायची. टाळेबंदीने या तिन्ही वाटा एकदम बंद केल्या. आता बाहेरून त्या घराशी संबंध उरला होता तो मंडळीच्या शिध्याचा आणि फोनवरच्या प्रार्थनासभेचा.

पहिली चूक आमच्यापर्यंत प्रकरण येण्याआधीच झाली होती. मंडळीतले दोन वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) बायबलमधल्या मत्तय 18:15 चा आधार घेऊन नवऱ्याला समजवायला गेले. दारात उभं राहून त्यांनी तिलाच विचारलं, “बाई, काय झालं ते सांग.” नवरा शेजारीच उभा. ती म्हणाली, “काही नाही.” वडील प्रार्थना करून परतले. त्या रात्री तिचा गळा दाबला गेला आणि फोन नवऱ्याच्या खिशात गेला. ‘तुझा अपराध केलेल्या भावाला एकांती गाठून दोष दाखव’ हे सांगणं समोरासमोर उभ्या राहू शकणाऱ्या दोघांसाठी आहे. एकाच्या हातात दाराची कडी असेल, तर दुसऱ्याला त्याच्यासमोर बोलायला लावणं म्हणजे तिला उघड्यावर सोडणं. नवऱ्याशी बोलायची घाई करू नये. आधी ती सुरक्षित झाली पाहिजे, बाकीचं सगळं नंतर.

तिच्याशी एकटीने बोलायचं कसं? फोन स्पीकरवर असायचा. सेविकेने काढलेली युक्ती साधी होती. शिध्यात पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, साबण असे. तिने सॅनिटरी पॅड शिध्यातून काढून वेगळे ठेवले आणि कळवलं, की ते बायकांनीच येऊन सही करून न्यायचे. पॅड आणायला एकही पुरुष आला नाही. प्रत्येकीला हॉलच्या मागच्या खिडकीशी तीन-चार मिनिटं मिळू लागली.

या तीन-चार मिनिटांत कहाणी ऐकत बसायचं नसतं, धोका किती आहे ते मोजायचं असतं. कधी गळा दाबला का? सुरी, कोयता, रॉकेल दाखवलं का? ठार मारीन म्हणाला का? मुलांवर हात उगारतो का? तू गरोदर आहेस का? अलीकडे मार वाढला का? गळा दाबल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर व्रण नसला तरी डॉक्टरकडे जायलाच हवं. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही आतल्या इजेची लक्षणं असू शकतात. शिवाय गळ्यापर्यंत गेलेला हात पुढे जिवावर उठतो, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं उत्तर ‘हो’ होतं.

मग तयारी. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला यांचे फोटो सेविकेच्या फोनवर घेतले. मूळ कागद, आठवड्याची औषधं, मुलांचा एकेक जोड आणि सुट्या नोटांचे पाचशे रुपये एका पिशवीत भरून ती पिशवी शेजारणीकडे ठेवली. घरात लपवलेली पिशवी सापडली तर तेच माराचं कारण होतं. खुणेचा शब्द ठरला: तिने फोनवर ‘पीठ संपलं’ म्हटलं की सेविकेने काहीही न विचारता तातडीच्या मदतीचा 112 लावायचा.

‘सगळंच बंद, जाणार कुठे?’ ही तिची दुसरी भीती. केंद्राच्या 15 एप्रिल 2020 च्या आदेशात निराधार स्त्रियांची आणि मुलांची वसतिगृहं चालू ठेवायला परवानगी होती. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो, 181 या महिला हेल्पलाइनवरून तिथे जोडून देतात. अडचण वेगळीच असे: कोविड चाचणीचा अहवाल नसेल तर बरीच निवारागृहं दार उघडायला कचरत. म्हणून चाचणीचं आधीच ठरवून ठेवलं आणि अहवाल येईपर्यंत मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेची मागची खोली.

तारीख मात्र तिने ठरवायची होती. सज्ञान बाईचा निर्णय तिचा असतो. जिवावर बेतलं तर वाट पाहायची नाही, पण एरवी आपण तिच्या वतीने घाई केली तर ती आपल्यापासूनही तुटते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कुणीही त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. हे सेविकेला सांगितलं तेव्हा तिचा अर्धा ताण उतरला.

पण तारीख ठरण्याआधीच एक दिवस पॅड न्यायला आईच्या जागी मुलगी आली. म्हणाली, “आंटी, दोन पाकिटं द्याल? काकांना सांगायचंय माझी पाळी अजून चालूच आहे.”

सेविकेने तिथे जे केलं ते अगदी बरोबर होतं. ती दचकली नाही, रडली नाही, ‘नक्की काय करतो?’ असं खोदून विचारलं नाही. दोनच प्रश्न विचारले: तुला आत्ता दुखतंय का? काका आज रात्री घरात असणार का? मग म्हणाली, “तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. पण हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही. तुला सांभाळू शकतील अशांना मला सांगावं लागेल.” मुलगी गेल्यावर तिने मुलीचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह वहीत लिहिले.

इथून पुढे ‘सांगू की नको’ हा प्रश्नच उरत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 प्रत्येकाला लागू आहे, पाळकाला (पास्टरला) आणि सेविकेलाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. आईने ‘नको’ म्हटलं तरी कळवावंच लागतं.

काही वडिलांचं तरीही म्हणणं पडलं, की घरातली गोष्ट आहे, मुलीच्या लग्नाचं पुढे काय? त्यांना 2 शमुवेल 13 वाचायला सांगितलं. अम्नोन आजाराचं सोंग घेतो, तामारेला त्याची सेवा करायला त्याच्या घरी पाठवलं जातं, तो बाकी सगळ्यांना बाहेर काढतो. आणि नंतर अबशालोम तिला सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. आजारपण, बंद घर, घरातलाच माणूस आणि गप्प राहण्याचा सल्ला: त्या खोलीत याहून वेगळं काय होतं? मंडळीने सरकारी कामात पडावं का, असंही कुणी विचारलं. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत बायकांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं होतं. ज्या मराठी मंडळ्या त्यांचं नाव अभिमानाने घेतात, त्यांना एवढी वाट तर माहीत असायला हवी.

त्या दुपारी सेविकेने ‘हिशेबाच्या सहीसाठी’ आईला खिडकीशी बोलावलं. आई भिंतीला टेकून खालीच बसली. मग म्हणाली, “आजच निघते.” पोलीस आणि 1098 या बाल हेल्पलाइनला कळवलं, संध्याकाळी तिघं बाहेर पडली. निघताना आईकडून स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहून घेतली: मी माझ्या मर्जीने, मुलांसह, जिवाच्या भीतीने घर सोडत आहे. तिची प्रत पोलीस ठाण्यात दिली. हे राहून गेलं की नवरा ‘बायको-मुलं पळवली’ अशी तक्रार देतो आणि आसरा देणाराच अडकतो.

मुलीला अंघोळ घालायची घाई केली नाही. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवले, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. वैद्यकीय तपासणी 72 तासांच्या आत झालेली बरी, पण मुदत उलटली म्हणून टाळायची नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते. जबाब मुलीच्या सोयीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तो परिचारिकेच्या त्याच मागच्या खोलीत झाला. 24 तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं, ते झालं की नाही हे सेविकेने दुसऱ्या दिवशी स्वतः विचारलं.

एक गोष्ट थोडक्यात हुकली. कुणीतरी प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘अमुक बहिणीच्या मुलीसाठी विशेष प्रार्थना, नाजूक विषय’. वास्कोच्या त्या वस्तीत एवढं पुरेसं होतं. मेसेज दहा मिनिटांत काढायला लावला. प्रार्थना नाव न घेताही होते.

मुलीला ओळखीच्या ‘आश्रमात’ ठेवा, अशीही एक सूचना आली. मुलांना कुठे ठेवायचं ते बालकल्याण समिती ठरवते, मंडळी नव्हे. मडगावात फ्रेडी पीटने अनाथाश्रमाच्या नावाखाली मुलांचं लैंगिक शोषण केलं, ते 1991 मध्ये उघड झालं. त्यानंतर गोव्यात नोंदणी नसलेल्या घराबद्दल कुणाच्या चांगुलपणावर विसंबून राहू नये. समितीने मुलीला आईपाशीच ठेवलं.

आईचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत गेला. वकील विधी सेवा प्राधिकरणाचा, मोफत. स्त्रियांना आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 23 खाली दुसऱ्या बाजूला न ऐकता तात्पुरता आदेश मिळू शकतो, त्याच कायद्याच्या कलम 19 खाली पर्यायी खोलीचं भाडं मागता येतं. तिने दोन्ही मागितलं.

राहिलं ते पाप. मलाखी 2:16 मधलं ‘देवाला सूटपत्राचा (घटस्फोटाचा) तिटकारा आहे’ एवढंच त्या बहिणीला ऐकवलं गेलं होतं. त्याच वचनात जुलूम करणाऱ्याचाही तिटकारा सांगितला आहे. सेविकेने ते दोन्ही भाग तिच्यासमोर बोट ठेवून वाचले. ऑगस्टमध्ये नवरा पाळकसाहेबांकडे समेट घालून द्या म्हणून आला, तेव्हा त्यांनी कोर्टाचा आदेश संपेपर्यंत दोघांना एकत्र बसवायला नकार दिला आणि त्याला दारू सोडवण्यासाठी डॉक्टरकडे जायला सांगितलं.

सेविका आता शब्द देत नाही. खिडकीशी आलेल्या प्रत्येकीला ती आधीच सांगते, “तुझं तुझ्यापाशी राहील. पण जिवावर बेतलं, किंवा लेकराला हात लागला, तर मी गप्प बसणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते. आता बोल.”