भावाला ३ लाख द्यावेत का? ९ लाखांची सही तर झालीच आहे

प्रश्न : मी जळगावात माध्यमिक शिक्षक, वय ४४. पगार हातात ७५ हजार. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून ६० हजार. बँकेत ठेव ४ लाख. रावेरला धाकट्या भावाची काढणीला आलेली केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) वादळात आडवी झाली. तो ३ लाख मागतो. आई म्हणते, देणं तुझं कर्तव्यच. बायको म्हणते, आधी मुलांचं बघा. खरंच असं कर्तव्य असतं का? (त्याने शेती सांभाळली म्हणून माझं बी.एड. झालं. त्याच्या पतसंस्थेच्या ९ लाखांच्या कर्जाला मी जामीन आहे, दोन हप्ते थकलेत. माझी वर्षाला ६० हजारांची पॉलिसी आहे, ८ लाखांची, तीन वर्षं भरली.)

उत्तर : सर, कर्तव्याचं उत्तर तुम्हीच कंसात लिहिलंय. त्याने नांगर धरला म्हणून तुमच्या हाती खडू आला. देणं आहेच. किती, ते ठेव सांगते: सहा महिन्यांचा खर्च ३ लाख ६० हजार बाजूला ठेवा, मोकळे उरतात ४० हजार. ते द्या, परत येतील ही आशा सोडून.

माझी काळजी जामीनकीची आहे. करार कायद्याच्या (१८७२) कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ हे चालत नाही. वसुली दाखला (थकबाकी वसुलीचा आदेश) निघाला की पगारालाही हात लागू शकतो. ३ लाखांवर घरात एवढा खल, आणि ९ लाखांची सही बहुधा चहा पिता पिता झाली! कर्ज फिटलं किंवा पतसंस्थेने दुसरा जामीनदार मानला, तरच तुम्ही सुटाल.

म्हणून ४० हजार भावाच्या हाती नको, थेट कर्जखात्यात भरा, पावती घ्या. खातेउतारा काढा, दोघं जाऊन हप्ते लांबवून मागा. त्याने फळपीक विमा काढला होता का, तेही विचारा. केळीच्या विम्यात वेगाचा वारा धरलेला असतो.

आता पॉलिसी. २० वर्षांत १२ लाख भरा, २० लाख मिळतील, असंच एजंटने सांगितलं असणार. खरं निघालं तरी परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्याही आत. आणि उद्या तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना ८ लाख, डोक्यावर ९ लाखांची जामीनकी! याला विमा म्हणतात? आधी साधा मुदत विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, किमान ७५ लाखांचा. तो हाती आला की ही पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. वाचलेल्या हप्त्यातून भावाच्या पुढच्या लागवडीच्या रोपांना हातभार लावा, बायकोला आधी सांगून.