कीट दीडशे, घरं चारशे बारा: यादीत कोणाला घ्यायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं बडोद्यात रावपुऱ्यात गणपती मंडळ आहे, तीसेक पोरं आहोत. २०२४ ला जन्माष्टमीच्या वेळी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही वर्गणीतले पैसे बाजूला काढून १५० कीट बनवले, प्रत्येकात ५ किलो आटा, २ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, १ लिटर सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) आणि मीठ-मसाला. नदीकाठच्या एका वस्तीत टेम्पो नेला, तिथे नंतर मोजली तर ४१२ घरं निघाली. जो आला त्याला देत गेलो, पाऊण तासात सगळं खलास, धक्काबुक्की पण झाली, आणि सगळं संपल्यावर एक आजी काठी टेकत आल्या, त्यांना द्यायला काहीच उरलं नव्हतं. ते अजून डोक्यातून जात नाही. या पावसाळ्यात आधीच ठरवून ठेवायचंय. एकजण म्हणतो सगळ्यांना थोडं थोडं वाटू, दुसरा म्हणतो वर्गणी मराठी घरांची आहे तर आधी आपली घरं, आणि वस्तीतले एक पुढारी म्हणतात यादी मी देतो, तुम्ही फक्त वाटा. काय करावं?

उत्तर : भाऊ, त्या आजी आठवतायत ना, मग अर्धं काम झालंय तुमचं. जो आला त्याला दिलं म्हणजे आपण निवड केलीच नाही असं वाटतं, पण निवड झालीच, फक्त ती कोणाच्या पायात जोर आहे आणि कोणाला टेम्पो आल्याचं आधी कळलं यावर झाली. तरणा माणूस पोचला, आजी नाही पोचल्या, आणि जिच्या कडेवर एक आणि हाताला एक अशी बाई तर घरातून निघालीच नसेल.

आधी हिशोब करू कारण हिशोबाशिवाय ही चर्चा नुसती भावनेवर चालते. मदतकार्यात जगभर एक आकडा धरतात, माणशी दिवसाला २१०० कॅलरी. पाच जणांचं घर म्हणजे रोज साडेदहा हजार. तुमच्या कीटमध्ये आट्याच्या साधारण १७ हजार, तांदळाच्या ७ हजार, डाळीच्या साडेतीन आणि तेलाच्या ८ हजार, म्हणजे सगळं मिळून साडेपस्तीस हजारांच्या आसपास. पाच माणसांना साडेतीन दिवससुद्धा नाही पुरत. आता तेच ४१२ घरांत वाटलं तर प्रत्येकाला सव्वा दिवसाचं येतं, आणि ते पण पावणेदोन किलो आटा नि सातशे ग्रॅम तांदूळ असं सुटं करून. सव्वा दिवसाच्या आट्याने ज्याच्याकडे घरात थोडं होतं त्याला काही फरक पडत नाही आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो परवा पुन्हा उपाशी.

पण म्हणून थोडं थोडं वाटणं नेहमीच चूक असं मी म्हणणार नाही, ते कधी करायचं हा प्रश्न आहे. पाणी घरात असतं ते पहिले दोन-तीन दिवस निवडायच्या भानगडीत पडूच नका. विश्वामित्रीवरच्या काळाघोडा पुलापाशी धोक्याची पातळी २५ फूट आणि २०२४ ला पाणी ३५ च्या वर गेलं होतं, तेव्हा नदीकाठच्या वस्तीत गरीब काय आणि बरे काय, सगळ्यांचीच चूल पाण्याखाली होती. अशा वेळी आटा देऊन उपयोग नाही, गॅसची बाटली वाहून गेलीय आणि भांडी चिखलात आहेत, मळणार कशात नि भाजणार कशावर. तेव्हा खिचडी, थेपले, फूड पेकेट, जे शिजलेलं असेल ते, सरसकट, येईल त्याला, कोणाचं नाव न विचारता. १५० कीटच्या पैशातले थोडे पैसे इकडे वळवा. शिजलेल्या अन्नाची आणखी एक गोष्ट अशी की पाणी ओसरायला लागलं की ज्याचं घर सावरलंय तो आपोआप रांगेतून कमी होतो, रोज कोण उभं राहतंय ते बघा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रांगेत जे उरतात त्यांच्यातूनच तुमची निम्मी यादी तयार होते.

कीट वाटायची वेळ त्यानंतर येते, आणि इथे निवडावंच लागतं. सुरुवात माणसांपासून नको, जागेपासून करा. कोणत्या गल्लीत कमरेपर्यंत पाणी होतं आणि कोणत्या गल्लीत फक्त ओटा भिजला हे भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेवरून दिसतं, त्यात कोणी खोटं सांगू शकत नाही. मग कमाई कोणाची बुडाली ते बघा. लारीवाला, छूटक मजुरी करणारा, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांचा रोजचा पैसा रोज येतो आणि पाण्याच्या आठ दिवसांत तो शून्य असतो, महिन्याच्या पगारवाल्याचं तसं नाही. आणि मग घरातली माणसं, एकटे म्हातारे, अपंग, गरोदर बाई, पाच वर्षांखालची लेकरं, बाईच्या कमाईवर चालणारं घर. यात एक सांभाळा, नुसतं विधवा आहे म्हणून नाव घालू नका. पेन्शन येणारी, मुलगा कंपनीत असणारी विधवा वेगळी आणि दोन मुली घेऊन भाड्याच्या खोलीत राहणारी वेगळी.

दारात जाऊन उत्पन्न किती हे विचारू नका, खरं कोणी सांगत नाही आणि विचारलेलं लागतं पण. काल काय खाल्लं ते विचारा, परवा काय खाल्लं ते विचारा, मोठ्यांनी मुलांसाठी आपलं जेवण कमी केलं का, दुकानदाराकडे उधारी मिळते का अजून, काही विकलं किंवा गहाण ठेवलं का. जगभर मदत करणारे याच प्रश्नांनी मोजतात, जागतिक अन्न कार्यक्रमाची एक पद्धत आहे त्यात मागच्या ७ दिवसांत काय काय किती दिवस खाल्लं ते विचारतात आणि प्रत्येकाला वजन असतं, दुधाला ४, डाळीला ३, धान्याला २, तेलाला अर्धं. तुम्हाला एवढं करायची गरज नाही पण भूक कळते ती ताटावरून, हे त्यातलं घेण्यासारखं आहे.

यादी पुढाऱ्यांकडून घ्या, त्यांना दुखवू नका, वस्तीची माहिती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे हे खरंच आहे. पण ती एकटीच यादी नको. दुसरी यादी वस्तीतल्या बायकांकडून घ्या, अंगणवाडीच्या बेनला, म्हणजे ताईला, विचारा, ती कोणत्या घरात लेकरू वाळलंय ते सांगेल. दोन्ही याद्या शेजारी ठेवा, जी नावं दोन्हीत आहेत ती सरळ घ्या, जी एकातच आहेत तिथे तुमची पोरं घरी जाऊन बघतील. मग ती यादी चौकात मोठ्याने वाचा, आणि नावं वाचायच्या आधी नियम वाचा की आम्ही कोणाला का घेतोय आणि आमच्याकडे १५० च आहेत. लोक चिडतील असं वाटतं ना, माझा अनुभव उलटा आहे, कमी आहे म्हणून लोक तेवढे चिडत नाहीत जेवढे का नाही मिळालं ते कळलं नाही म्हणून चिडतात. आणि वाचताना एखादी बाई हमखास उठून सांगते की माझं नको लिहू, तिचं लिही.

दहा-बारा कीट शेवटपर्यंत हात न लावता राखून ठेवा, यादीतून सुटलेल्यांसाठी. हे मी कळकळीने सांगतेय कारण ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात अठरा-वीस इंच पाऊस झाला तेव्हा आमच्याकडून हीच चूक झाली. आम्ही रेशनकार्ड बघून वाटलं, वाटलं होतं की हे सगळ्यात चोख. दहा दिवसांनी कळलं की त्याच वस्तीच्या मागच्या अंगाला भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत दाहोदकडची कडियाकाम (गवंडीकाम) करणारी सात-आठ कुटुंबं होती, कार्ड गावी, नाव कोणत्याच यादीत नाही, बोलायला कोणी नाही. त्यातली एक बाई बाळंतीण होती, शेजारणीने दिलेल्या खिचडीवर तिने चार दिवस काढले. त्या वेळी आमच्या यादीत दोन घरं अशी होती ज्यांना गरज नव्हती, आणि मीटिंगमध्ये सगळी चर्चा त्या दोन घरांवर झाली, आपल्याला फसवलं म्हणून. त्या बाळंतिणीवर कोणी बोललं नाही. नको त्याला गेलं तर एक कीट वाया जातो. पाहिजे त्याला नाही गेलं तर एक माणूस उपाशी राहतो. या दोन चुका सारख्या नाहीत. म्हणून एका पोराला फक्त हेच काम द्या, यादीत कोण नाही ते शोधायचं, पुलाखाली, बांधकामाच्या साईटवर, मागच्या खोल्यांत.

आता आपली घरं आधी, याबद्दल. वर्गणी मराठी घरांनी दिली हे मान्य, पण तुम्ही ती बाजूला काढली ती पुरासाठी, नात्यासाठी नाही. रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी १९९४ ला आचारसंहिता केली त्यात हे साफ लिहिलंय की मदत वंश-धर्म-देश न बघता द्यायची आणि कोणाला आधी ते फक्त गरजेवर ठरवायचं. आपल्या मराठी घरांतलं कोणी खरंच अडचणीत असेल तर ते त्याच नियमात बसेल, त्याला वेगळी रांग लागत नाही. आणि उद्या दुसऱ्या मंडळांनी पण आपापली घरं धरली तर ज्यांचं कोणतंच मंडळ नाही त्यांचं काय.

प्रश्न : बातम्यांत वाचते की निर्वासितांच्या छावण्यांत राशन कमी केलं. मनात येतं की निम्म्या लोकांना पोटभर द्यावं की सगळ्यांना अर्धपोटी? जे ठरवतात ते कशावरून ठरवतात?

उत्तर : बेन, दोन्ही केलं गेलंय, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्या छावण्यांत २०२३ च्या मार्चमध्ये माणशी महिन्याला १२ डॉलरचे १० केले आणि जूनमध्ये ८, सगळ्यांचेच. कारण त्या लोकांना छावणीबाहेर कमवायची परवानगी नाही, म्हणजे ज्याचं नाव काढाल त्याच्याकडे दुसरा रस्ताच नाही. पुढे २०२४ मध्ये पैसे आले तसं राशन परत वाढवलं. येमेनमध्ये २०२२ च्या सुरुवातीला उलटं केलं, ८० लाख लोकांचं राशन कमी केलं आणि जे ५० लाख दुष्काळाच्या अगदी काठावर होते त्यांचं पूर्ण ठेवलं. म्हणजे बघायचं हे की ज्याचं काढतोय त्याला दुसरं काही मिळवता येतं का, आणि ज्याचं अर्धं करतोय तो अर्ध्यावर जगेल का. लहान मुलाच्या दंडाला पट्टी लावतात, घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला तर ते मूल अतिकुपोषित, ते अर्ध्यावर जगत नाही, त्याचं राशन अर्धं करण्याचा विषयच येत नाही.

पण मला हे बोललंच पाहिजे की या निवडीची वेळ आली ती पैसे कमी पडले म्हणून. वरती बसून ज्यांनी पैसे कापले त्यांनी कोणाचं राशन कमी झालं ती यादी कधी वाचली नाही, ती वाचायची वेळ छावणीत काम करणाऱ्या पोरापोरींवर आली, आणि त्यांना तीच माणसं रोज भेटतात.

प्रश्न : ताई, कीट देताना फोटो काढले नाहीत तर देणगीदार पुढच्या वर्षी देत नाहीत. काय करू?

उत्तर : हातात पिशवी घेतलेल्या माणसाचा फोटो काढू नका, अजिबात नाही. त्याच्या मुलीच्या वर्गातल्या पोरांनी तो बघितला तर ती शाळेत काय तोंड दाखवेल. पोत्यांचा काढा, भरलेल्या टेम्पोचा काढा, बिलांचा काढा. आणि चौकात वाटपाच्या नियमांचा नि हिशोबाचा एक कागद लावा, किती आले, किती गेले, कोणत्या गल्लीत किती, त्याचा काढा आणि देणगीदाराला पाठवा, नावं मात्र त्यात नकोत. ज्याला तेवढं बघूनही पटत नाही त्याचे पैसे एक वर्ष नाही आले तरी चालतील.