मीडिया आणि लर्निंगवर काम करणाऱ्या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचं करिअर कसं असतं? वडोदऱ्यात राहून जमेल का?

तुम्ही लिहिलंय की सायकॉलॉजीत एमए चालू आहे, व्हिडिओ बघून मुलं खरंच शिकतात का यावर काम करायचंय, आणि घरचे विचारतायत की यात नोकरी कुठली. मी वडोदऱ्यातच या विषयात शिकवते आणि थोडंफार संशोधन करते, म्हणून लिहितेय. नोकरीचं सांगतेच, पण आधी काम काय असतं ते बघा, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा विषय ठरलेला असतो, अमुक ॲपचा मुलांच्या मार्कांवर परिणाम. अहो, तुमचं पीएचडी होईपर्यंत ते ॲप बंद पडलेलं असतं! गॅव्रिएल सॅलोमन नावाचे इस्रायली शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं करिअर बघा. सुरुवात फिल्म आणि टीव्हीपासून, 1979 मध्ये मीडिया आणि आकलनावर पुस्तक, मग 1984 चा तो प्रसिद्ध पेपर ज्यात कॅलिफोर्नियातल्या सहावीच्या मुलांना एकच गोष्ट काहींना टीव्हीवर दाखवली आणि काहींना वाचायला दिली. मुलांचं म्हणणं टीव्ही सोपा, वाचणं अवघड. सोपा वाटला म्हणून टीव्हीवाल्यांनी डोकंच कमी लावलं, आणि जिथे स्वतः निष्कर्ष काढायचा होता त्या प्रश्नांत ती मागे पडली. म्हणजे मूल त्या माध्यमाला किती सीरियसली घेतं यावर बरंच अवलंबून. तो टीव्ही आता भंगारात गेला असेल, पण मोबाईलला हाच प्रश्न आजही जसाच्या तसा लागू पडतो. पुढे ते कॉम्प्युटरकडे वळले, आणि शेवटी शांतता-शिक्षणाकडे, ज्यू आणि अरब मुलांमध्ये. 2001 मध्ये त्यांना इस्रायल प्राइझ मिळालं. एकाच माणसाने इतकी उपकरणं मागे टाकली, कारण प्रश्न उपकरणाचा नव्हताच.

आणि हो, या क्षेत्रात भांडणंही मस्त आहेत. 1983 मध्ये रिचर्ड क्लार्क या अमेरिकन संशोधकांनी सरळ लिहिलं की किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण बदलत नाही तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही, बदलतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझमा या दुसऱ्या संशोधकांनी 1991 मध्ये उलट बाजू मांडली, की माध्यमामुळेही शिकण्यात फरक पडतो. माझा कल क्लार्ककडे आहे पण पूर्ण नाही. दोन्ही पेपर वाचा, मग ठरवा.

आता वडोदऱ्याचं. आपल्याकडे बसून हे जमणार नाही असं तुम्हाला का वाटतं? 1975-76 मध्ये साइट (SITE) हा उपग्रहावरून टीव्हीने शिकवण्याचा प्रयोग झाला, नासाचा उपग्रह आणि इस्रोचं काम, सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही, आणि त्याचा परिणाम मोजायला समाजशास्त्राची माणसं चक्क गावांत जाऊन राहिली होती. खेडा जिल्ह्यातल्या पीज गावात टीव्हीचा छोटा ट्रान्समीटर होता, इथून फार लांब नाही. संशोधक ब्रिज कोठारींचं टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत सबटायटल्स द्यायचं काम, वाचनाचा सराव व्हावा म्हणून, तेही अहमदाबादचंच.

आणि तुमच्या स्वतःच्या गल्लीत जो विषय पडलाय तो कॅलिफोर्नियात कुठून मिळणार? वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातलं एखादं मूल घरी मराठी बोलतं, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी, आणि यूट्यूबवर विज्ञान शिकतं हिंदीत. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियावरचं संशोधन सांगतं की चित्र आणि निवेदन असताना तेच शब्द पुन्हा स्क्रीनवर लिहिले तर बरेचदा अडथळाच होतो, पण शिकणाऱ्याची ती भाषा दुसरी असेल तर लिहिलेले शब्द मदतही करू शकतात. मग तीन भाषांत जगणाऱ्या मुलाचं काय? करा की यावर!

रोजचं काम मात्र फार ग्लॅमरस नाही. प्रिटेस्ट, व्हिडिओ, पोस्टटेस्ट, काही दिवसांनी परत टेस्ट (ही शेवटची लोक गाळतात आणि तिथेच सगळी मजा असते), पालकांची संमती, प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर बसून राहणं. नवरात्रात आणि उत्तरायणच्या आठवड्यात डेटा गोळा करायला जाऊ नका, मुलं अर्धी झोपेत नाहीतर पतंगात असतात. स्टॅटिस्टिक्स पक्कं पाहिजे, त्यासाठीची जास्प (JASP) किंवा आर (R) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आत्तापासून हात बसवा.

नोकरी: नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, एज्युकेशन किंवा सायकॉलॉजीत द्या, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडीत घरी हात पसरावे लागत नाहीत. एमएसयूत, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, एज्युकेशन आणि सायकॉलॉजी एकाच फॅकल्टीत आहेत, या विषयाला ते फार सोयीचं. प्राध्यापकी, एनसीईआरटीच्या सीआयईटीसारख्या (शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या) संस्थांमधले प्रोजेक्ट, एनजीओ, कंपन्यांत लर्निंग डिझायनर, म्हणजे कोर्सची आखणी करणारा. एडटेकमध्ये पगार बरा मिळतो पण 2022 नंतर किती जणांना काढलं ते आपण बघितलंच, त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. शाळेतलं काउन्सेलिंग ही वेगळी वाट आहे आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) लायसन्स लागतं, घरच्यांच्या डोक्यात बहुतेक हेच तीन एकत्र झालेत, त्यांना नीट सांगा.

गाइड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे थीसिस शोधगंगेवर, म्हणजे भारतीय पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, उघडून बघा. सगळ्यांत एकच प्रश्नावली आणि नुसती गावं बदललेली दिसली तर दुसरा गाइड शोधा.